अर्ध्या वाटेवरचा नकार

ऑक्टोबर अर्धा सरला की आमच्या घरात एका वाक्याची वेळ होते. वाक्य वैदेहीचं, म्हणजे माझ्या बायकोचं. सकाळी चहा गाळता गाळता ती खिडकीतून बघते, शेजाऱ्यांच्या कुंपणाचं झुडूप लाल झालेलं असतं, आणि ती म्हणते, "चला, तुमच्या माळावर जाऊन येऊ." यातल्या 'तुमच्या'वर ती अगदी हलकासा भार देते. लग्नाला इतकी वर्षं झाली, नातवंडं झाली, मी रिटायर झालो, पण तो भार काही कमी झालेला नाही.

मग आम्ही थर्मास भरून निघतो. न्यू जर्सीतल्या आमच्या वेस्ट विंडसरपासून दीड तास गाडी हाकली की पोकोनोचे डोंगर लागतात आणि एका डोंगराच्या माथ्यावर ते रान एकदम उघडं पडतं. झाडं मागे राहतात. पुढे नुसता माळ. दगड, वारा आणि गुडघ्याएवढी ब्लूबेरीची झुडपं, नजर पोचेल तिथवर. मधोमध रेझरव्हॉयरचं, म्हणजे साठवण तळ्याचं, निळंकाळं पाणी आणि त्याला वळसा घालून गेलेली पायवाट. आमच्या विदर्भात पळस फुलला की झाडं पेटल्यासारखी दिसतात. इथे ऑक्टोबरात जमीनच पेटते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ते बघायची अजिबात सवड नव्हती, कारण मी लग्नाची मुलगी पाहायला आलो होतो.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. मी अमरावतीचा, एका संशोधन संस्थेत केमिस्ट होतो आणि एका खोलीच्या अपार्टमेंटमध्ये एकटा राहत होतो. मला मालतीमावशीने टेलिफोन डिरेक्टरीतून शोधून काढलं होतं. ती माझी सख्खी, चुलत, मावस कुठलीच मावशी नव्हे. त्या काळी आपली माणसं शोधायला लोक डिरेक्टरी घेऊन बसत आणि ओळखीची वाटणारी आडनावं दिसली की सरळ फोन फिरवत. माझ्या आडनावावर बोट ठेवून तिने फोन केला आणि 'हॅलो'च्या ऐवजी 'अमरावतीचा की नागपूरचा?' असं विचारलं. पुढच्या शनिवारी मी तिच्याकडे जेवायला होतो आणि वरणभाताचा दुसरा घास घ्यायच्या आत माझ्या लग्नाचा विषय निघाला होता.

मुलगी होती मेधा आगाशे. पेनसिल्व्हेनियातल्या एका छोट्या गावात तिचे आईवडील दोघंही डॉक्टर होते. डॉक्टर आगाशे भूल देणारे. माणसाला झोपवायचं आणि मग तो उठेपर्यंत त्याच्यावरची नजर हलवायची नाही, हा त्यांचा व्यवसाय, आणि स्वभावही तोच. कुसुमकाकू मुलांच्या डॉक्टर. मेधा सहा वर्षांची असताना ते सगळे अमेरिकेत आले. ती हायस्कूलमध्ये शिकवते, असं मावशीने सांगितलं. काय शिकवते हे सांगायच्या वेळी तिने मला कोशिंबीर वाढली.

मुलीची एक अट होती. याआधी तीन मुलगे तिच्या घरी येऊन, सोफ्यावर बसून, पोहे खाऊन गेले होते. चौथ्या वेळी मी त्या सोफ्यावर बसणार नाही, असं तिने आईला सांगितलं. भेटायचंच असेल तर चालायला येऊ दे, चालता चालता बोलू. यावर आगाशांच्या घरी आठवडाभर खल झाला म्हणे. मुलगा-मुलगी दोघंच कुठल्याशा रानात जाणार, हे कुसुमकाकूंना पसंत नव्हतं. शेवटी डॉक्टरांनी तोड काढली. त्यांना पक्षी बघायचा नाद होता आणि हा माळ त्यांच्या माहितीचा होता. ते म्हणाले, मुलं तळ्याभोवती चालतील, आपण पार्किंगपाशी बाकावर बसू. तिथे एकही उंच झाड नाही. सगळी वाट सुरुवातीपासून शेवटापर्यंत दिसते.

हे मला मागाहून कळलं. मावशीने मला फोनवर एवढंच सांगितलं की तळ्याभोवती सोपी गोल वाट आहे, तिथे वॉक घ्यायचा आहे. वॉक म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे संध्याकाळची बाग, फरसबंद रस्ता आणि भेळवाला एवढंच आलं. म्हणून मी माझा तपकिरी थ्री-पीस सूट घातला. तो अमरावतीच्या शिंप्याने व्हिसाच्या मुलाखतीसाठी शिवला होता आणि ती मुलाखत यशस्वी झाली असल्यामुळे माझा त्याच्यावर विश्वास होता. बूट नवे घेतले. ते दर पावलाला करकर वाजत. मावशी शेजारी बसून रस्ताभर मला सूचना देत होती. डॉक्टरांना काका म्हण, कुसुमताईंना काकू म्हण, पगार विचारला तर सांग, नाही विचारला तरी सांग.

आम्ही पोचलो तेव्हा आगाशे दांपत्य पिकनिकच्या बाकावर बसलं होतं. काकूंनी फॉइलने झाकलेलं पोह्यांचं पातेलं आणलं होतं. सोफा टळला तरी पोहे टळले नव्हते. काकांच्या गळ्यात दुर्बीण होती. जरा वेळाने एक छोटी गाडी खडीवर करकचून थांबली आणि त्यातून मेधा उतरली. केस ओले, अंगात शाळेचं नाव छापलेला ढगळ शर्ट, गळ्यात शिट्टी. सकाळी मुलांची पोहण्याची प्रॅक्टिस घेऊन ती तशीच आली होती. क्लोरिनचा वास वाऱ्यावर आमच्यापर्यंत आला आणि ती काय शिकवते ते मला कळलं. काकूंनी आपल्या गाडीच्या मागच्या सीटवर हँगरला लावून एक मोरपिशी साडी आणली होती. त्यांनी एकदा मुलीकडे पाहिलं, एकदा साडीकडे पाहिलं आणि गाडीचं दार हळूच लावून घेतलं.

वाटेच्या तोंडाशी पाटी होती. गोल वाट, सोपी. मेधाने माझ्या बुटांकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि इंग्रजीत विचारलं, नक्की ना? मी म्हटलं, नक्की.

ती भरभर चालायची. मी पळत होतो असं म्हणता येणार नाही, पण सूट घातलेला माणूस न पळता जितक्या वेगाने जाऊ शकतो तितक्या वेगाने मी जात होतो. मी काही प्रश्न पाठ करून आलो होतो. आवडीनिवडी, सणवार, स्वयंपाक. पण प्रश्न विचारायला श्वास लागतो, आणि माझा सगळा चालण्यातच खर्च होत होता. तिने एकच प्रश्न विचारला, पोहता येतं का? मी नाही म्हटलं. त्यानंतर बराच वेळ फक्त करकर ऐकू येत राहिली.

मला सारखं मागे बघावंसं वाटत होतं. पाण्यापलीकडे तीन ठिपके दिसत होते. एक मावशी, एक काकू, आणि एक काका. काकांच्या ठिपक्यातून मधूनच उन्हाची तिरीप चमकायची. ती दुर्बीण होती. मी घाम पुसायला रुमाल काढला तरी पलीकडे तीन डोकी एकत्र येत. मावशीने नंतर सांगितलं की मी रुमाल काढला तेव्हा मी तो मेधाला देतोय असं काकूंना वाटलं आणि त्यांचे डोळे भरून आले होते.

वाटेच्या अगदी पलीकडच्या टोकाला थोडी दलदल आहे. तिच्यावर फळ्या टाकल्या आहेत. त्यातल्या एका फळीवरून माझा नवा बूट घसरला आणि पाय घोट्यापर्यंत काळ्या चिखलात गेला. पाय वर आला, बूट आला नाही. मेधा फळीवर आडवी झाली, कोपरापर्यंत हात घालून तिने बूट बाहेर काढला, झुडपावर आपटला आणि मला देताना तिला दिसलं की माझ्या टाचेला बोराएवढा फोड आलाय. तिने मला एका खडकावर बसवलं. खिशातून तिने पट्टी काढली. शिकवणारीच्या खिशात ती असतेच. तिने माझा मोजा काढला आणि टाचेला पट्टी लावली. पलीकडे यावेळी काय चाललं असेल याची मी कल्पनाही करू शकत नव्हतो.

मग ती समोरच्या खडकावर बसली, हातावरचा चिखल खरवडत राहिली आणि एकदम मराठीत म्हणाली, "मी तुला एक गंमत सांगू?"

ते मराठी सहा वर्षांच्या मुलीचं होतं. ती अमेरिकेत आली तेव्हा जेवढी भाषा तिच्याजवळ होती तेवढीच जशीच्या तशी राहिली होती. गुपित, भानगड, प्रेमप्रकरण हे शब्द तिच्याकडे नव्हतेच. जे कोणाला सांगायचं नाही ते सगळं गंमत. गंमत अशी होती की शाळेत तिच्याबरोबर टॉम नावाचा एक मास्तर होता. तो मुलांना दगड आणि हवामान शिकवायचा. तीन वर्षं झाली होती आणि घरी कोणालाच माहीत नव्हतं. मधूनमधून इंग्रजीत जात, परत मराठीत येत तिने हे सगळं सांगितलं. मी नाही म्हटलं तर बाबा रागे भरतील, आई रडेल, मग पाचवा मुलगा येईल. म्हणून तू नाही म्हण. तू म्हटलंस की कोणी मला काही बोलणार नाही.

आता खरं सांगायचं तर तोपर्यंत मला त्या मुलीबद्दल काहीच वाटत नव्हतं. माझी टाच दुखत होती. मी म्हटलं, ठीक आहे, मी नाही म्हणतो. तिने माझा हात जोरात हलवला. म्हणजे काम झालं होतं. मी उठलो आणि विचारलं, गाडीपाशी जायला जवळचा रस्ता कुठला? तिने आलो त्या बाजूला पाहिलं, जायचं त्या बाजूला पाहिलं आणि म्हणाली, दोन्ही सारखेच. आपण बरोबर अर्ध्यावर आहोत.

घरात मिळालेला नकार बरा असतो. चहाचा कप खाली ठेवायचा, चपला घालायच्या, जिना उतरायचा. गोल वाटेवर अर्ध्यात नकार मिळाला की नकार देणारी आणि घेणारा दोघांनाही तितकंच चालावं लागतं, बरोबरच. हे आम्हा दोघांच्याही एकाच वेळी लक्षात आलं आणि आम्ही हसायला लागलो. ती तर अशी हसली की खडकावरून खाली आली.

उरलेली वाट आम्ही बोलत चाललो. कोणाला काही पटवायचं नव्हतं, कोणाच्या पसंतीला उतरायचं नव्हतं. पहिल्या थंडीत मी दुधाची बाटली खिडकीबाहेर गार करायला ठेवली आणि सकाळी ती फुटून आत बाटलीच्या आकाराचं दूध उभं होतं, ते मी सांगितलं. मागच्या तीन मुलांची तिने नक्कल करून दाखवली. एकाने तिला विचारलं होतं की पोहण्याने रंग काळा होतो हे तिला माहीत आहे का. तिने मराठी का सोडलं तेही सांगितलं. लहानपणी घरी पाहुणे आले की ती बोलायची आणि सगळे हसायचे. किती गोड बोलते, परत बोल ना, म्हणायचे. बारा वर्षांची झाली तेव्हा तिने ठरवलं की आता परत नाही बोलायचं. तेव्हापासून घरात बाबा मराठीत विचारत आणि ती इंग्रजीत उत्तर देई.

मग ती टॉमबद्दल बोलायला लागली आणि मला अचानक जाणवलं की मी आता धापा टाकत नाहीये. ती हळू चालत होती. त्याच्याविषयी बोलताना तिचे पाय आपोआप हळू पडत होते. मी तिच्या बरोबरीने, बाजूबाजूने चालत होतो, वाऱ्याने तिचे केस वाळले होते, आजूबाजूला ते लाल रान पेटलं होतं, मला ते आत्ता कुठे दिसत होतं. पार्किंग जवळ आलं तेव्हा मला वाटलं, ही वाट अजून थोडी मोठी असायला हवी होती. असं वाटायला नको होतं. मी शब्द देऊन बसलो होतो.

बाकापाशी पोचलो तर तिथे वेगळीच धांदल. पोह्यांच्या वासाने पाण्यातली बदकं, खरं म्हणजे ते मोठे करडे हंस, बाकापर्यंत आले होते आणि मावशी पर्सने त्यांना हाकलत होती. अर्धं पातेलं त्यांनी फस्त केलं होतं. उरलेल्यातले पोहे काकूंनी आमच्या पुढे केले, माझ्या पँटच्या चिखलाकडे प्रेमाने पाहिलं आणि विचारलं, मग, कसं वाटलं?

मी घसा साफ केला. मुलगी फार चांगली आहे, म्हटलं, पण मला पोहता येत नाही.

आजवर असं कारण देऊन कोणी मुलगी नाकारली नसेल. पण मला नकार देण्याचा सराव नव्हता. काकू म्हणाल्या, त्यात काय, ती शिकवेल. मावशी म्हणाली, मला तरी कुठे येतं.

मी दुसरं कारण काढलं. माझं ग्रीन कार्ड अजून झालेलं नाही, कधी होईल सांगता येत नाही. काका दुर्बिणीची काच पुसत होते, ते वर न बघता म्हणाले, मेधा सिटिझन आहे, लग्नानंतर तो प्रश्न उरणारच नाही. मावशीने अभिमानाने माझ्याकडे पाहिलं. हा मुद्दा तिने आधीच विचारात घेतला होता.

मेधा माझ्या पाठीमागे उभी होती. मला तिचं तोंड दिसत नव्हतं. माझ्याजवळ आता एकच तोफगोळा उरला होता, आणि त्यापुढे कुठलाही अमेरिकेतला बाप माघार घेईल अशी माझी खात्री होती. मी म्हटलं, "काका, मला परत जायचंय. दोन-तीन वर्षांत अमरावतीला कायमचा जाणार मी."

काकांचा हात थांबला. त्यांनी दुर्बीण बाकावर ठेवली. मग ते सरकले आणि बाकावर त्यांनी माझ्यासाठी जागा केली. त्या काळी आपल्यातला जो तो परत जाणार होता. प्रत्येक जेवणात तो विषय निघायचा आणि श्रीखंडाबरोबर संपायचा. पण काका तो संपवत नव्हते. त्यांनी कोथरूडला प्लॉट घेऊन ठेवला होता, त्यावर नारळ लावले होते, आणि नारळ किती वाढले याचे फोटो भाऊ पाठवायचा. ते मला हळू आवाजात म्हणाले की इतक्या वर्षांत हे असं ठामपणे सांगणारा मी पहिला मुलगा. माझ्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला. तो चांगलाच जड होता. काकूंनी पदराला डोळे पुसले, मावशीने तारखेचा विषय काढला. माझ्या पानात आणखी पोहे पडले.

तेव्हा पाठीमागून आवाज आला. "बाबा, मला नको."

ताटात नको असलेली भाजी वाढल्यावर मूल म्हणतं, तसं. मग ती पुढे आली, माझ्या शेजारी उभी राहिली आणि म्हणाली, "मला टॉम पाहिजे."

कोणी हसलं नाही. मला वाटतं, तिची मान तेवढ्यासाठीच ताठ होती. ती वाट बघत होती की आता कोणीतरी हसेल. पण काकू बघत राहिल्या, मावशीच्या हातातली पर्स तशीच राहिली आणि काकांनी मराठीतच विचारलं की टॉम कोण? मेधाने शब्द शोधले. तो उंच आहे, म्हणाली. आणखी शोधले. आणि चांगला आहे. तिच्याजवळ त्याच्यासाठी तेवढीच विशेषणं होती.

काका उठले, दुर्बीण डब्यात ठेवली, डब्याचे दोन्ही बंद लावले आणि गाडीत जाऊन बसले. काकूंनी पातेलं आवरलं. जाता जाता त्या थांबल्या आणि मला म्हणाल्या, टाचेला रात्री गरम पाण्याचा शेक दे.

परतीच्या वाटेवर मावशीने आधी पर्सला चिकटलेलं हंसाचं पीस काढून खिडकीबाहेर टाकलं. मग तिला कंठ फुटला. मुलगी नाही म्हणाली याचं तिला फारसं वाईट वाटलं नव्हतं, मुली म्हणतातच. तिचा राग माझ्यावर होता. परत जाणार आहेस हे मला आधी का नाही सांगितलंस? मी इथल्या मुली कशाला बघत बसले असते?

त्यानंतर तीन आठवड्यांनी काकांचा फोन आला. मी घाबरलोच. ते म्हणाले, रविवारी मोकळा असशील तर तळ्यावर चालायला जाऊ. बूट वेगळे घाल.

नोव्हेंबरात तो माळ ओळखू येत नव्हता. लाल सगळं झडून गेलं होतं, नुसत्या तपकिरी काटक्या आणि शिशाच्या रंगाचं पाणी. आम्ही दोघंच होतो. काका संथ चालायचे, मध्येच थांबून कुठलासा पक्षी दाखवायचे, नारळांबद्दल बोलायचे. कधी निघायचं ठरवलंस, असं मला विचारायचे. मी काहीतरी बोलत होतो. दलदलीवरच्या फळ्यांपाशी आलो तेव्हा ते त्याच खडकावर बसले, कारण बसायला तिथे तो एकच बरा खडक होता.

"तू तिला इथे काय सांगितलंस?" ते म्हणाले. "इथपर्यंत ती पुढे आणि तू मागे, असे येत होतात. इथून पुढे ती हसत होती. मी दुर्बिणीतून बघत होतो ना. ती अशी हसताना मी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. म्हणून मला वाटलं जमलं."

मी म्हटलं, दुधाच्या बाटलीबद्दल सांगितलं. मग ती बाटली त्यांनाही सांगावी लागली. ते हसले नाहीत, पण त्यांनी ऐकून घेतली. मग बुटाच्या टोकाने एक खडा पाण्यात ढकलून त्यांनी विचारलं, हा टॉम कसा आहे?

मी टॉमला पाहिलेलं नव्हतं. मला जेवढं माहीत होतं तेवढं मी सांगितलं. काका, मेधा चालते कशी तुम्हाला माहीत आहे. तिच्याबरोबर चालताना माझा दम निघाला होता. पण त्याच्याबद्दल बोलताना ती हळू चालत होती.

त्यांनी कोटाची बटणं वरपर्यंत लावली. वारा थंड होता, माझे कान दुखायला लागले होते. मग ते उठताना माझ्या खांद्याचा आधार घेऊन म्हणाले, "आणि तू?"

मी काय, असं मी म्हटलं. त्यांनी परत विचारलं नाही. उरलेली अर्धी वाट त्यांनी मला बदकांच्या जाती समजावून सांगितल्या, आणि गाडीपाशी पोचल्यावर किल्ली लावता लावता, माझ्याकडे न बघता, ठीक आहे, बोलवा त्याला घरी, असं ते म्हणाले. जणू त्याला घरी बोलावणारा मीच होतो.

मी अमरावतीला परत गेलो नाही. गेलो ते लग्नापुरता, तीन वर्षांनी, आणि वैदेहीला घेऊन आलो. वैदेही हळू चालते. दर झुडपापाशी थांबते, पानं हातात घेऊन बघते, आणि सोप्या गोल वाटेला आम्हाला सगळी दुपार लागते. तिला मी ही सगळी गोष्ट पहिल्याच वर्षी सांगून टाकली होती. खडकापाशी आलो की ती थर्मास उघडते, मला चहा देते आणि निवांतपणे विचारते, म्हणजे इथेच ना? मी म्हणतो, इथेच. मग ती म्हणते, बरं झालं बाई, आणि चहा पिते. काकाही परत गेले नाहीत. नारळांना फळं धरली त्या वर्षी त्यांनी प्लॉट भावाला देऊन टाकला. पण फोनवर माझ्याशी बोलताना, कधी निघतोयस, हे विचारायचं त्यांनी कधी सोडलं नाही, आणि बघू, हे म्हणायचं मीही सोडलं नाही.

मेधाचं लग्न त्या माळावरच्या भेटीनंतरच्या जूनमध्ये झालं. गावातल्या फायर हाउसचा हॉल भाड्याने घेतला होता. एका भिंतीला आगीच्या बंबवाल्यांची हेल्मेटं टांगलेली, दुसऱ्या भिंतीला झेंडूच्या कागदी माळा. भटजी मूळचे सिव्हिल इंजिनिअर, पूल बांधायचे. मेधाने तीच मोरपिशी साडी नेसली होती आणि साडीतही ती भरभर चालत असल्यामुळे काकू मागून, हळू, हळू, म्हणत येत होत्या. टॉम खरोखरच उंच होता. सहा वर्षांच्या मराठीत तिने त्याचं केलेलं वर्णन अगदी अचूक होतं, दुसऱ्या विशेषणासकट. त्याने मला पाहिल्याबरोबर मिठी मारली आणि माझी टाच आता कशी आहे विचारलं.

मंगलाष्टकांच्या वेळी अंतरपाट धरायला दोघं जण लागतात. एका बाजूला मेधाचा चुलतभाऊ होता. दुसऱ्या बाजूचा मामा विमानतळावर अडकला होता. काकांनी हॉलभर नजर फिरवली आणि मला हाक मारली, श्री, ये रे इकडे. मी गेलो. पांढऱ्या धोतराचं एक टोक माझ्या हातात आलं. मेधा अलीकडे, टॉम पलीकडे. पण अडचण अशी झाली की आम्ही दोघांनी हात कितीही वर केले तरी टॉमचं डोकं अंतरपाटाच्या वर निघत होतं आणि तो नवरीकडे बघून मजेत हसत होता. भटजींना ते पटेना. शेवटी दोन घडीच्या खुर्च्या आणल्या. मी चुलतभावासमोर एका खुर्चीवर चढलो, धोतर ताणून धरलं, आणि मावशीने आपल्या किनऱ्या आवाजात पहिलं मंगलाष्टक सुरू केलं.

वरून मला दोन्हीकडचं दिसत होतं. इकडे मेधा हार हातात घेऊन मान खाली घालून उभी. तिकडे टॉम, प्रत्येक 'सावधान'ला खरंच सावध होणारा. हात भरून आले होते. शेवटचं 'सावधान' झालं, अक्षता पडल्या, टाळ्या झाल्या, समोरच्या चुलतभावाने आपलं टोक सोडलं. माझं टोक माझ्या मुठीतच राहिलं होतं. सगळं धोतर माझ्या हातातून लोंबत होतं आणि मी खुर्चीवर तसाच उभा होतो.

काका खुर्चीला हात देऊन खालीच उभे होते. इतरांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात ते म्हणाले, "श्री, सोड आता."

मी सोडलं.